थांब, मी खाली आहे!

आमच्या घरात कुणी जिना भराभर चढायला लागलं की मागून कुणीतरी हमखास ओरडतं, ‘थांब, मी खाली आहे!’ घरात नव्याने आलेल्या सुना-जावयांना आधी याचा अर्थच लागत नाही. पुढचा माणूस मात्र लगेच पायरीवर थांबतो आणि मागचा आला की मगच पुढे सरकतो. हे आम्हाला आईवडिलांनी शिकवलेलं नाही, शाळेनंही नाही. ते आमच्या घरात आलं १९९६ च्या मे महिन्यात, एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून.

येरवड्यात जेल रोडला आमचं एकत्र कुटुंब. काका येरवडा कारागृह मुद्रणालयात नोकरीला, बाबा कॅम्पात. आम्ही पोरं पाच. ताई आणि दादा काकांचे, मी आणि माझी बहीण, आणि आत्याचा मुलगा, जो सुट्टीला म्हणून आला आणि पुढे शिकायला इथेच राहिला. तो सगळ्यांत लहान, म्हणून त्याचं नाव धाकटा. ताईची दहावीची परीक्षा संपली होती आणि काकांनी तिला शब्द दिला होता. एका रविवारी ते आम्हा सगळ्यांना घेऊन पीएमटीने महापालिकेपर्यंत गेले, तिथून शनिवारवाड्यावरून चालत बुधवार पेठेत. तपकीर गल्लीत तारा, बल्ब, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर लटकवलेल्या दुकानांच्या गर्दीतून त्यांनी तो खोका घेतला. परतीच्या बसमध्ये तो ताईच्या मांडीवर होता आणि आम्ही चौघं आळीपाळीने त्याला हात लावून बघत होतो.

घरी आल्यावर दादाने टीव्हीची अँटेनाची वायर काढून गेमची वायर लावली. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. तो चॅनेलचं बारीक चाक फिरवत राहिला, आम्ही मागून ‘आलं, आलं, गेलं, मागे घे’ करत राहिलो, आणि एका क्षणी मुंग्या विरून निळं आकाश उघडलं. टोपीवाला मारिओ उभा होता. आजी पोथी मिटून बघायला आली.

ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल होती. आपल्याकडे घराघरांत पोचल्या त्या बहुतेक अशाच नकला. निन्टेंडो हे नाव आम्ही पुष्कळ वर्षांनी ऐकलं. आमच्यासाठी तो नुसता ‘गेम’ होता. हातात धरायचा तो ‘रिमोट’, वरून खोचायची ती ‘कॅसेट’, आणि कॅसेटवर कितीही मोठा आकडा छापलेला असला तरी खरे खेळ किती आणि नाव बदलून आलेले किती, याची यादी ताईने शाळेच्या उरलेल्या वहीत केली होती. कॅसेट चालली नाही की काढायची, तिच्या दातांवर फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. चालायची ती नव्याने नीट बसल्यामुळे. फुंकरेची ओल धातूच्या पट्ट्यांना उलट वाईटच. पण फुंकर मारायचा मान कुणाचा, यावर आमची रोज चर्चा व्हायची.

आणि चर्चा हाच आमचा खरा खेळ होता. हिशेबच मांडला, तर पाच पोरांत एकेकाच्या वाट्याला दिवसात मोजून वीस मिनिटं यायची. एक लाइफ गेली की रिमोट पुढच्याकडे. अडाप्टर तापला की सगळंच बंद. आजी त्यावर तळहात ठेवून बघायची, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणायची, ‘याला आता पडू द्या जरा.’ उरलेला सगळा दिवस बोलण्यात जायचा. पंगतीत, नळावर, रात्री गच्चीवर अंथरुणं टाकल्यावर. मारिओतल्या ड्रॅगनला मारता येतं की पुलावरून पाडावंच लागतं? दुसऱ्या स्टेजला छतावरून पळत गेलं की पुढच्या दुनियांचे पाइप लागतात, ते पहिल्यांदा कुणी पाहिलं? रोड फायटरमध्ये गाडी कुठेही न ठोकता बराच वेळ नेली की बाजूने उडत जाणारा ‘सुपरमॅन’ दादाला दिसला, तेव्हा तो खोटं बोलतोय असं आम्ही तीन दिवस म्हणत होतो. चौथ्या दिवशी माझ्या बहिणीला दिसला, आणि तिने स्वतःहून दादाची माफी मागितली.

एकदा ताईच्या लक्षात आलं की मारिओतले ढग आणि झुडपं एकाच आकाराची आहेत. ढग पांढरा, झुडूप हिरवं, बाकी रेघ न् रेघ तीच. ती काकांना बोलावून आणून म्हणाली, बघा. काका खुर्ची ओढून पडद्यापाशी बसले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘एकच ठसा आहे. शाई बदललीय.’ छापखान्यातल्या माणसाला ते एका नजरेत कळलं. पुढे वाचनात आलं की १९८५ चा तो सबंध खेळ फक्त चाळीस किलोबाइटांत बसवलेला होता, आणि जागा वाचवायला त्याच्या कर्त्यांनी नेमकं हेच केलं होतं. त्या दिवसापासून काका संध्याकाळी आल्यावर हातपाय धुऊन आमच्याजवळ बसू लागले. खेळले कधीच नाहीत, पण ‘आज कुठवर पोचलात?’ हे विचारल्याशिवाय त्यांनी चहा घेतला नाही.

धाकटा पाच वर्षांचा होता. त्याला रिमोट दिला की मारिओ पहिल्याच खड्ड्यात. म्हणून तो आमचं कच्चं लिंबू. लगोरी-लपंडावातला नियम आम्ही गेमलाही लावला. खेळू द्यायचं, पण आऊट धरायचं नाही. बदकं मारायच्या खेळात गेमबरोबर आलेली बंदूक मोठ्यांकडे असायची, तेव्हा रिकामा पडलेला रिमोट आम्ही त्याच्या हातात द्यायचो आणि सांगायचो, तू पण खेळतोयस. तो मनापासून बटणं दाबत बसायचा. एका दुपारी तो म्हणाला, ‘बदक मी उडवतोय.’ आम्ही ‘हो रे हो’ म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, ‘मी खाली म्हटलं की खाली येतं.’ मग ताईने बंदूक खाली ठेवली, त्याच्याजवळ मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘दाखव. डावीकडे ने.’ बदक डावीकडे गेलं. ‘आता वर.’ बदक वर गेलं. खोलीत कुणी काही बोलेना.

ते खरंच होतं. एकच बदक येतं त्या खेळात दुसऱ्या माणसाने रिमोटवरून बदक हलवावं, अशी सोय त्यात मुळातच केलेली आहे. बंदुकीचं गुपित त्याहून नवलाचं. ती काहीच झाडत नाही, ती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला की नेम लागला. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या चालीवर बेतलेलं होतं, म्हणून आजच्या सपाट टीव्हीसमोर ती बंदूक आंधळी होते. पण आमच्या घरात त्या दुपारनंतर काय बदललं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. धाकट्याला कुणी कच्चं लिंबू म्हणेनासं झालं. तो काही सांगू लागला की आम्ही ‘हो रे हो’ म्हणायच्या आधी ‘दाखव’ म्हणू लागलो.

मग कॉन्ट्रा. दोघांनी मिळून खेळायचा, म्हणून सगळ्यांत लाडका. एकमेकांची गोळी लागत नाही, एकमेकांचं बंदुकीचं अक्षर मात्र पळवता येतं. ‘एस’ कुणी घ्यायचा यावर तह व्हायचे. आपल्या लाइफ संपल्या की जोडीदाराच्या शिलकीतली एक घेता यायची. विचारून घेतली तर उसनी, न विचारता घेतली तर चोरी, आणि दोन्हींचा हिशेब ताईच्या वहीत. तीस लाइफ मिळवायची बटणांची ओळ दादाने शाळेतल्या एका मुलाकडून हातावर पेनाने लिहून आणली. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं. आम्ही ती पाढ्यासारखी म्हणायचो. काझुहिसा हाशिमोतो या जपानी माणसाने स्वतःला खेळ तपासताना सोपं जावं म्हणून ती आधी ग्रॅडियस नावाच्या दुसऱ्याच खेळात घातली होती. ते २०२० मध्ये वारले, ती बातमी आमच्यातल्या तिघांनी एकाच दिवशी एकमेकांना पाठवली.

तर कॉन्ट्राच्या तिसऱ्या स्टेजला धबधबा लागतो. तिथे पुढे पळायचं नसतं, खडकांवरून वर चढायचं असतं. एकजण वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि खाली राहिलेला कडेला लागून मरतो. शत्रूच्या गोळीने मरत नाही तो, आपल्याच भिडूच्या घाईने मरतो. पहिल्या आठवड्यात आम्ही तिथे किती वेळा भांडलो! दादाचा हात चपळ, तो सरसर वर जायचा, आणि माझी बहीण खालून ओरडायची, ‘थांब, मी खाली आहे!’ एकदा तिच्या तिन्ही लाइफ अशाच गेल्या. ती रडली नाही, रिमोट खाली ठेवून उठून गेली. त्या संध्याकाळी दादा एकट्याने खेळला आणि कधी नव्हे तो पहिल्याच स्टेजला हरला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला बोलावून आणलं. धबधबा आला. दादा एक खडक चढायचा, थांबायचा, गोळ्या चुकवत तिथेच उड्या मारत राहायचा आणि विचारायचा, ‘आलीस? चल पुढचा.’ त्या दिवशी आम्ही धबधबा पार केला. मागून आजीने विचारलं, ‘पोचली का रे पोरं वर?’

पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार. त्या दिवशी टीव्ही काळा. मग आम्ही गच्चीवर खडूने अख्खी स्टेज काढायचो. हिरव्या पाइपचे चौकोन, प्रश्नचिन्हाच्या विटा, खड्डा, शेवटी झेंडा. खड्ड्यात पाय पडला की एक लाइफ गेली. कासव व्हायचं राज्य ज्याच्यावर असेल त्याने रांगत यायचं. पाइपांची जागा कुणाला नेमकी आठवते यावर पैजा लागायच्या. गच्चीवरून लांबवर तुरुंगाची भिंत दिसायची, पलीकडे पर्णकुटीची टेकडी, आणि मधल्या चार घरांतली पोरं आवाज ऐकून जिन्याने वर यायची. त्यांच्याकडे गेम नव्हता, पण स्टेज पाठ होती. आमच्याकडून ऐकून ऐकून झाली होती.

पुढची वर्षं भराभर गेली. सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून व्हाइस सिटी आणि काउंटर-स्ट्राइक, बाबांच्या नोकियावर साप, मग नोकऱ्या, लग्नं, वेगळी घरं. ताई नाशिकला गेली, बहीण बंगळूरला. काका गेले. आमच्या भागात कॉमरझोनसारखी आयटी पार्कं उभी राहिली, २०२४ मध्ये येरवड्याचं मेट्रो स्टेशन सुरू झालं.

पण मला सांगायची आहे ती २०२० च्या ऑगस्टमधली रात्र. टाळेबंदीने सगळे आपापल्या घरात अडकलेले. धाकट्याने आम्हा चौघांना व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाला, ‘काही बोलू नका, फक्त बघा.’ त्याच्या पडद्यावर वाड्यांचे सज्जे, कमानी आणि त्यांतून त्रिशूळ घेऊन उड्या मारत जाणारी एक मुलगी. खेळाचं नाव राजी. तो केला होता पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संघाने, आणि तो सगळ्यांत आधी आला होता निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर. ज्या कंपनीच्या नकलेवर आम्ही वाढलो, तिच्या अस्सल यंत्रावर आमच्याच शहरात घडलेला खेळ. ताईने विचारलं, ‘ही कुणाला शोधतेय?’ धाकटा म्हणाला, ‘धाकट्या भावाला. राक्षसांनी पळवलंय त्याला.’ ताई पुढे काही बोलली नाही. तिने नुसता पडद्याला हात लावला, बसमध्ये त्या खोक्याला लावायचो तसा.

आता भाऊबीजेला सगळे जमलो की आमची पोरं एका ओळीत बसतात, कानात हेडफोन, हातात फोन. मोठ्यांपैकी कुणाकुणाला वाटतं की ती एकमेकांशी बोलत नाहीत. मी त्यांच्यामागे बसून ऐकतो. ‘मागे ये.’ ‘माझ्याकडे जादा आहे, घे.’ ‘मला उठव आधी.’ ‘तू ये, मी कव्हर देतो.’ माझ्या कानाला हे शब्द अनोळखी नाहीत. आमच्या वहीतली उसनवारी अशीच चालायची. फक्त अडाप्टरवर हात ठेवून ‘याला पडू द्या जरा’ म्हणणारं माणूस त्यांच्याजवळ हवं, म्हणून मी तिथून उठत नाही.

गेल्या भाऊबीजेला आम्ही पाचही जण तारकेश्वराच्या टेकडीवर गेलो होतो. ताईचे गुडघे हल्ली दुखतात. बोलता बोलता आम्ही पुढे गेलो आणि अर्ध्या पायऱ्यांवर मागे वळून बघितलं, तर ती कठडा धरून उभी होती. हाक तिने मारलीच नव्हती. तिच्या दोन पायऱ्या वर धाकटा कधीचा थांबलेला होता. त्याने हात पुढे केला आणि विचारलं, ‘आलीस? चल पुढची.’