माळशेजची चढण आणि गिअरबॉक्समधील तेल

मुरबाड आणि टोकावडे मागे पडले की कल्याणहून जुन्नरकडे निघालेल्या प्रवाशासमोर सह्याद्रीची काळी भिंत उभी राहते. माळशेज घाट त्याला समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आणून सोडतो. जवळच व्यापाऱ्यांचा प्राचीन नाणेघाट आहे. सातवाहनकाळी कोकणच्या बंदरांतील माल त्या वाटेने जुन्नर आणि पुढे पैठणकडे जाई. तेथील लेण्यातला नागनिकेचा शिलालेख दानांच्या आकड्यांनी भरलेला आहे. बँकेत हयात घालवलेल्या मला तो एखाद्या जुन्या खातेवहीसारखा वाटतो. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही तेथे आहे. खडकात कोरलेली पाण्याची टाकी पाहिली की ध्यानात येते, लादलेले तांडे हा चढ थांबत थांबतच चढत असणार.

आज आपण सहकुटुंब स्वयंचलित गिअरच्या मोठ्या गाडीतून जातो. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून चाकांवरचे घर घेऊन निघण्याची हौसही वाढू लागली आहे. गाडीत माणसे, डबे, पाण्याचे कॅन, आणि चौविहारासाठी सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोचण्याची घाई. ही घाईच गिअरबॉक्सला भोवते.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत रखडत चढताना इंजिन आणि चाके यांत पक्का सांधा नसतो. तेलात दोन पंखे समोरासमोर फिरतात. इंजिनाकडचा पंखा वेगाने आणि चाकांकडचा सावकाश फिरू लागला की फरकाची शक्ती उष्णता होऊन तेलात उतरते. व्यापारी भाषेत सांगायचे तर माल गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याआधीच वाटेत गळतो. तेल जळले की त्याचा लाल रंग काळपट होतो, करपट वास येतो आणि आतल्या क्लचपट्ट्या झिजू लागतात. पुढचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

म्हणून चढ सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर निवडावा. गाडी स्वतःहून वरखाली गिअर बदलत राहिली तर तेल अधिक तापते. मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाताना डिंभे धरणानंतर पोखरीचा घाट लागतो. श्रावणात किंवा महाशिवरात्रीला तिकडे वाहने मुंगीच्या गतीने सरकतात. अशा रांगेत चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणे हा मला सर्वांत वाईट प्रकार वाटतो. ब्रेक दाबून उभे राहावे, पुढे पुरेशी जागा झाली की एकदम सरकावे. दोन क्लचच्या किंवा एएमटी गाड्यांना तर हे अधिकच लागू. तेथे रखडण्याने थेट क्लचच तापतो.

तापमानाचा दिवा लागला, तर वळण टाळून रुंद, सुरक्षित जागी थांबावे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत गिअर 'पी'वर टाकून, हँडब्रेक ओढून इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे. तेल कूलरमधून फिरत राहून निवते. गरम गिअरबॉक्सवर पाणी मात्र ओतू नये. इतर प्रकारांत गाडीची पुस्तिका सांगेल तसे करावे. प्रवासापूर्वी तेल तपासून घ्यावे, टपावरचे अनावश्यक सामान उतरवावे आणि घरून तासभर आधी निघावे.

परतीच्या उतारावरही खालचाच गिअर ठेवावा. तेथे तो ब्रेक तापू देत नाही.