टेन्शन साखळीचं

वीकएण्डला पेणला गेले, तर घरात एकच टेन्शन: यंदा साखळी कोण धरणार? भातकापणी आटोपली की कबड्डीचे सामने सुरू, आणि आमचा पहिलाच रोह्यात! चढाईपटू आहेत की तीन-तीन. पण डावा कोपरारक्षक नवी मुंबईत नाइट शिफ्टला लागलाय.

३० सेकंदांच्या चढाईत टाळ्या एकालाच. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, तरी गावात कौतुक चढाईचंच. साखळीतला एक हात सुटला, की पकड फसलीच म्हणून समजा. गेल्या वर्षी अशीच साखळी तुटली आणि धाकट्याचा खांदा निखळला.

"ताई, नवा पोरगा ताकदीचा आहे गं, पण हात लवकर सोडतो."

सोमवारी माझी डेडलाइन होती. तरी आधी त्या कोपऱ्यालाच फोन लावला, "अरे, रविवारची शिफ्ट बदलून मिळते का, बघ ना!"