आजोबांची नादारी

आमच्या घरी ‘दिवाळे’ हा शब्द कुणी उच्चारीत नसे. आजोबांचे हिंगोलीतील कापडदुकान १९६० च्या दशकात बुडाले आणि त्यांनी लोकांना बुडवले, एवढेच कानावर होते. तो खटला शोधायला मी हिंगोलीच्या न्यायालयात गेलो व रिकामा परतलो. चूक माझीच. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी जिल्हा परभणी, आणि नादारीचे अर्ज मुळात जिल्हा न्यायालयाकडे जात.

कायदा १९२० चा, प्रांतिक नादारी अधिनियम. कर्ज पाचशे रुपयांचे झाले आणि फेडणे अशक्य ठरले, की ऋणको स्वतःच अर्ज करू शकतो. अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, गाव, रक्कम आणि आपली सारी मालमत्ता मांडावी लागते. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र मात्र जप्तीतून सुटतात. नादार ठरवल्याचा आदेश राजपत्रात छापला जातो. म्हणून मित्रहो, खटल्याचा क्रमांक ठाऊक नसेल तर आधी राजपत्र चाळा. मग अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या.

नक्कल मिळाली. अर्ज सावकाराचा नव्हता, आजोबांचाच होता. खाली त्यांची वळणदार सही. धनकोंच्या यादीत शेवटचे नाव आजीच्या भावाचे, दोनशे रुपये. ते फिटले का, हे आईला विचारायचे आहे.