तंबोऱ्याखालचं हमिंग

आपल्या घरात येणाऱ्या विजेला स्वतःचा एक सूर आहे. ५० हर्ट्झ. लहान स्पीकरमधून एवढा खर्ज नीट ऐकू येत नाही, कानाला लागतो तो त्याच्या दुपटीचा, १०० हर्ट्झचा सूर. आता एखादा गवई काळी एकमध्ये गात असेल, तर त्याच्या तंबोऱ्याची पहिली तार, मंद्र पंचमाची, साधारण १०४ हर्ट्झला लागते. हे दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे तयार होतात आणि चांगला जुळलेला तंबोरा उतरल्यासारखा वाटू लागतो.

बाबांनी सांगलीचं घर आवरताना चाळीसेक एलपी माझ्या हवाली केल्या. पुण्यात पेठेतल्या एका जुन्या इमारतीत मी आणि माझी मैत्रीण भाड्यानं राहतो. तिथं टर्नटेबल लावला. बाबा आले, पहिल्या रेकॉर्डवर सुई टेकली, आणि आलाप सुरू व्हायच्या आधीच ते म्हणाले, "अगं, हा तंबोरा कुणी लावलाय?"

तंबोरा ठीक होता. त्याच्याखाली हमिंग होतं.

टर्नटेबलला हा आजार इतका का जडतो, याला कारण आहे. सुईमागच्या कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो. फोनो प्रीॲम्प तो शंभरेक पटींनी वाढवतो. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खोबणी फार रुंद होईल. वाजवताना तो परत वाढवावा लागतो. ५० हर्ट्झला ही वाढ १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे ७ पट असते. त्यामुळे वाटेत विजेचा थोडासा अंश जरी शिरला, तरी तो गवयाच्या शेजारी बैठक मारून बसतो.

शोधाची पद्धत साधी आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचं. आधी रेकॉर्ड न लावता आवाज वाढवला. ब्लूटूथवर शांतता, फोनोवर घूंऽऽ. म्हणजे स्पीकर निर्दोष. टर्नटेबलचा प्लग काढला. आवाज तसाच. म्हणजे मोटरही निर्दोष. मागे वायफायचा ॲडॅप्टर होता, तो लांब नेला. थोडा फरक पडला. कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक वायरी, पांढरी, निळी, लाल, हिरवी, एकेक करून हलवून पाहिल्या. घट्ट होत्या. मग टर्नटेबलपासून ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला जाणारी ग्राउंडची वायर. ती सोडवली तर आवाज दुप्पट झाला. म्हणजे बिचारी आपलं काम करत होती.

स्क्रू परत आवळताना हात ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला लागला. हमिंग एकदम खाली गेलं, आणि बोटाला मुंग्या आल्या. हात काढला, हमिंग परत वर.

माझ्या अंगातून वाट मिळाल्यावर आवाज कमी होत असेल, तर ती वाट मुळात जिथं असायला हवी तिथं नव्हती. ॲम्प्लिफायरचा प्लग तीन पिनांचा होता. वरची जाड पिन अर्थिंगची.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन दादा आले. होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी त्यांनी फेज आणि न्यूट्रलला लावल्या. बल्ब पेटला. मग फेज आणि अर्थिंगला. काळोख.

"ताई, हे भोक नुसतं भोक आहे," ते म्हणाले. बोर्ड उघडला तर मागे हिरवी वायरच नव्हती. मग स्वतःहूनच ते बाथरूमकडे वळले. गिझरच्या पॉइंटलाही बल्ब पेटला नाही.

तिथं मात्र मला गाणं-बिणं सुचेना. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर येते ती फिल्टरमधून झिरपणारी किरकोळ वीज, मुंग्या आणण्यापुरती. गिझरचं कॉइल फुटलं तर पत्र्यावर सगळे २३० व्होल्ट येऊ शकतात. अर्थिंग असेल तर तो करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. नसेल तर तो वाट पाहत थांबतो, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाची. माझी मैत्रीण रोज सकाळी सहाला आंघोळ करते.

घरमालकांना फोन केला. "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही," ते म्हणाले. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणूनच आज करून घेऊ." खर्च अर्धा-अर्धा ठरला.

मीटरच्या पेटीत हिरवी वायर सुटून लोंबत होती. खाली अंगणात कोळसा आणि मीठ घालून पुरलेला अर्थिंगचा खड्डा होता, पण कोरडा ठणठणीत. दादांनी त्यात चार बादल्या पाणी ओतायला लावलं, घरात नवी हिरवी वायर ओढली आणि ३० मिलिॲम्पिअरला पडणारा ब्रेकर बसवला. दोन दिवस गेले.

हमिंग घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कापून टाका, असा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल. दोन उपकरणांच्या अर्थिंगचा आपसात फेरा तयार झाला असेल तर पिन कापल्यावर आवाज खरंच थांबतो, म्हणून हा सल्ला टिकून आहे. पण फेरा तोडायचा तर सगळे प्लग एकाच बोर्डावर घ्या, टीव्हीची केबल काढून बघा. पिनला हात लावू नका.

बाबांनी तीच रेकॉर्ड परत लावली. स्पीकरला कान लावला तर अजून थोडं हमिंग आहे, खोलीत ऐकू येत नाही. पंचमाची तार लागली, मग जोडाच्या दोन, मग खर्ज. बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे जुळला होता.

दरम्यान दादा वरच्या मजल्यावर गेले होते. तिथल्या आजोबांनी त्यांना बोलावलं होतं, गिझर तपासायला. तिथंही बल्ब पेटला नाही.