चौथा ताप

आपल्या शास्त्रकारांनी माणसाचे ताप तीनच सांगितले: आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक. त्यांचा दोष नाही. त्यांच्या काळी रथ होते, पण रथाला रेडिएटर नव्हता. असता, तर चौथ्या तापाची नोंद त्यांनी खास केली असती, आणि तो एकटाच उरलेल्या तिघांना जागे करतो, असेही लिहून ठेवले असते.

मी बीडला एका कॉलेजात मराठी शिकवतो. आई गावाकडे असते, नेकनूरच्या पलीकडे. तिकडे जायचे म्हणजे मांजरसुंब्याचा घाट चढणे आले. बालाघाटाच्या डोंगराने आमच्या घराचेही दोन भाग केले आहेत. आम्ही खाली, आई वर. आमची जुनी मोटार शहरात गुणी मुलासारखी वागे. बाजारात अर्धा तास अडकली तरी काटा मध्यावर. घाट लागला, की मात्र काटा वर सरकू लागे आणि माथा यायच्या आत बॉनेटखालून वाफ निघे.

2022 च्या मार्चमध्ये हे सुरू झाले. त्याच सुमारास आईचा मोतीबिंदू पिकल्याचे डॉक्टरांनी सांगितले. ऑपरेशन बीडला, शिवाय तपासणीच्या खेपा. आई म्हणाली, "आधी तुझी गाडी नीट कर, मग माझे डोळे."

पहिल्या गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलला. इंजिन पुरेसे तापले, की उघडून पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी ही झडप. आठ दिवस सुखाचे गेले, मग पुन्हा वाफ. दुसऱ्याने पाण्याचा पंप बदलला. पुन्हा आठ दिवस सुख. तिसऱ्याने रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्या साफ केल्या. त्याचे सुख पंधरा दिवस टिकले. चौथ्याने नुसती वाफ पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, "हेड गॅस्केट गेली. इंजिन उघडावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन दिवस कुणी साखर जास्त घातलेला चहा मागितला नाही.

अखेर एका स्नेह्याने जुन्या वस्तीतल्या एका पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. तिथले चाचा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. स्टुलावर बसून विचारले, "सर, कधी तापते?"

बाकीच्यांनी काय झाले ते विचारले होते. कधी, हे कुणी विचारले नव्हते. मी सांगितले, फक्त घाटात.

"उभी असताना नाही? मग पंखा ठीक आहे. खाली पाण्याचा ठिपका? नाही? पाणी मात्र कमी होतं? आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर आठ-पंधरा दिवस बरी चालते?"

इंजिन पुरते निवल्यावरच त्यांनी रेडिएटरचे झाकण काढले. मग इंजिन सुरू करून पाण्यात बुडबुडे येतात का पाहिले. आले नाहीत. ऑइलची काडी पुसून पाहिली. ऑइल दुधाळ झालेले नव्हते. "गॅस्केट शाबूत आहे," ते म्हणाले आणि मघाचे झाकण माझ्या हातावर ठेवले. त्याच्या रबरी कडीवर पांढरा थर चढला होता. आमच्या बोअरच्या पाण्याने स्वयंपाकघरातल्या पातेल्यांवर चढतो, अगदी तसा.

चाचांनी मग जे सांगितले, ते कोणत्याही गृहिणीला चटकन पटेल. रेडिएटर म्हणजे एक प्रकारचा कुकर. पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळते. झाकणाने दाब धरला, की तेच 120 अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. कुकरची रिंग सैल झाली, तर आपली डाळ कच्ची राहते. इथे क्षारांमुळे झाकण घट्ट बसत नव्हते, दाब राहत नव्हता, आणि चढावर इंजिनावर जोर आला, की पाणी वेळेआधीच उकळून बाहेर पडे. इंजिन निवताना बाटलीतले पाणी परत ओढले जावे, तर त्या फटीतून हवाच आत शिरे. पातळी खेपेगणिक उतरत जाई. प्रत्येक गॅरेजात नवा भाग बसवताना पाणी मात्र काठोकाठ भरले जाई. गाडी आठ दिवस चाले ती त्या पाण्यावर. श्रेय घेई नवा भाग.

दाब मोजायच्या पंपावर झाकण लावून त्यांनी खात्री केली. काटा चढला आणि लगेच पडला. इंजिनातले पाणी काढून, आतून धुऊन, शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट भरले, नवे झाकण बसवले. चार गॅरेजांपुढे या झाकणाची किंमत सांगायलाही संकोच वाटावा, इतकी थोडी.

त्यानंतर सलग चार रविवार मी घाट चढलो. काटा जागचा हलला नाही. आईला ही बातमी मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "आता पावसाळा होऊ दे." पावसाळा झाला. म्हणाली, "दिवाळी होऊ दे."

तेव्हा मला चाचांचा प्रश्न आठवला. 'का येत नाहीस' हे मी तिला अनेकदा विचारले होते, आणि दर वेळी नवे कारण मिळाले होते. या खेपेला तिच्याजवळ चुलीपुढे बसून विचारले, "आई, तुला भीती कधी वाटते? ऑपरेशनच्या खोलीत?"

तिने लाकूड आत सारले. "खोलीत कशाला वाटंल? घाट उतरताना वाटते. तुझ्या दादांना जीपमधी घालून नेलं, तवा मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. माणूस उतरलं ते परत चढलं नाही."

सहा वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. मीही दुसरे काही बोललो नाही. तिच्याजवळ बसून राहिलो.

दिवाळीनंतरच्या सोमवारी आम्ही निघालो. ती माझ्या शेजारी पुढे बसली, कारण मागे बसायचे नाही, एवढीच तिची अट होती. घाटात मी गाडी अगदी सावकाश उतरवली. पायथ्याशी आल्यावर तिने डोळ्यांवरचा पदर काढला आणि विचारले, "वर जाताना तापणार नाही ना रे?"

"नाही," मी म्हटले. आणि आठवड्याने, हिरवी पट्टी लावलेल्या आईला घेऊन, मी तो घाट चढलो.