श्मालश्पूरबान, व्हाया पाचोरा

मोबाइलवर जर्मन शिकणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. कुणाला कंपनी म्युनिकला धाडणार असते, कुणाला मास्टर्स करायचं असतं. रडगाणं मात्र एकच : लोकलमध्ये पाठ केलेले शब्द ऑफिसात पोहोचेपर्यंत गायब! उपाय हवाय? एक वीकएंड पाचोऱ्याला जाऊन या.

मुंबई-भुसावळ लाइनवर चाळीसगाव आणि जळगावच्या मधलं हे जंक्शन. सोबत मोबाइलमध्ये 'अंकी' हवं. 2006 साली आलेल्या या अ‍ॅपमध्ये शब्दांची कार्डं आपली आपण बनवता येतात. पुढे मराठी, मागे जर्मन. आठवलेला शब्द बऱ्याच दिवसांनी पुन्हा समोर येतो, विसरलेला लगेच. आयडिया जुनीच. माणूस किती वेगाने विसरतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच मांडलं होतं.

माझं पहिलं कार्ड स्टेशनवरच तयार झालं. इथून जामनेरला 56 किलोमीटरची नॅरोगेज जायची, सगळ्यांची लाडकी 'पीजे'. 2020 मध्ये ती थांबली. नॅरोगेजला जर्मनमध्ये म्हणतात 'श्मालश्पूरबान'. श्माल म्हणजे अरुंद, श्पूर म्हणजे रूळमार्ग, बान म्हणजे रेल्वे. एरवी हा शब्द जिभेवर बसायला आठवडा गेला असता. इथे एका फटक्यात बसला. गावाबाहेर कापूस दिसला की 'बाउमवोल', शब्दशः झाडाची लोकर!

खरी गंमत पुढेच आहे. इंग्रजीतून शिकणारे 'डेर-डी-दास'ला घाबरतात. हिंदीतही लिंगं दोनच. आपल्याकडे तो-ती-ते जन्मापासून तयार! दास हाउस, ते घर. दास वासर, ते पाणी. दास किंड, ते मूल. सगळंच जुळतं असं नाही हं. आपला सूर्य तिकडे 'ती' होतो आणि झाड 'तो'. अशा कार्डांना लाल फ्लॅग लावायचा, बस्स.

बाजारात अहिराणी कानावर पडते. 'कुठे'ला तिथे 'कथा'. म्हणून एक कार्ड तिहेरी केलं : कुठे, कथा, वो. पुण्या-मुंबईत नोकरीला आलेली खान्देशी पोरं ऑफिसात अहिराणी बोलायला लाजतात, आणि न वापरलेला शब्द घरच्या भाषेतलाही पुसट होतो. जर्मनचे रेडीमेड कोर्स ढीगभर मिळतील. आजीच्या शब्दांची कार्डं मात्र आपल्यालाच बनवावी लागणार. तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी गेलात, की दहा कार्डं जर्मनची करा आणि दहा आजीची.