अण्णांचं पातं

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हायपरसॉनिक शॉक टनेलवर पीएच.डी. करताना मी सगळ्यात जास्त शिकलो ते अण्णांकडून. पद फिटरचं, मूळ गाव बेळगाव. टनेलमधला ॲल्युमिनियमचा पडदा ते स्वतः कोरायचे. खाचेची खोली नेमकी असेल तरच तो दाबाखाली पाकळ्यांसारखा उघडतो; नाहीतर तुकडे उडून मॉडेलवर आदळतात. एवढ्या खटाटोपातून हाती लागतो जेमतेम मिलिसेकंदाचा प्रवाह.

पण त्यांचं खरं ऋण श्लीरेनचं, म्हणजे हवेतले घनतेचे फरक चित्रात दाखवणाऱ्या तंत्राचं. दोन अंतर्वक्र आरसे, एक दिवा आणि दाढीचं पातं. पातं बरोब्बर नाभीवर आलं की चित्र सगळीकडून सारखं काळवंडतं. जरा मागेपुढे असलं तर अंधार एका कडेनं सरकत येतो. अण्णांचा हात कधी थरथरला नाही. एकदा म्हणाले, “हात धर की आरशापुढं.” धरला. बोटांवरून वर चढणारी ऊन हवा चित्रात वळवळताना दिसली. माख आणि साल्चर यांनी बंदुकीच्या गोळीपुढची शॉक वेव्ह 1887 साली जगापुढे आणली, तीही याच तंत्रानं.

पुढे माझा विषय झाला लेसर. अतिवेगवान यानाच्या बोथट नाकापुढे शॉक वेव्ह उभी राहते; तिच्यामागचा दाब आणि उष्णता नाकाला सोसावी लागते. नाकापुढे लेसरचा स्पंद एकवटला की तिथल्या हवेचा प्लाझ्मा होतो आणि तप्त, विरळ हवेचा गोळा मागे उरतो. तप्त हवेत ध्वनीचा वेग जास्त, म्हणून तिथे माख अंक (प्रवाहाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किती पट) उतरतो. हा गोळा भिडला की शॉक पुढे फुगते आणि नाकावरचा दाब क्षणभर घसरतो. ॲडेलग्रेन, नाइट आणि सहकाऱ्यांचा माख 3.45 च्या प्रवाहातला प्रयोग 2005 साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला अनोळखी असं काहीच वाटलं नाही; हवा तापली की काय होतं, ते अण्णांनी माझ्याच हातावर दाखवलं होतं.

असे लेसर अजून जड आहेत, वीजही फार खातात. माझ्या मते त्यांचा पहिला उपयोग अख्ख्या यानाचा रोध घटवायला होणार नाही; दोन शॉक एकमेकींना छेदतात तिथली जाळणारी उष्णता आवरायला होईल.

अण्णांचं नाव एकाही शोधनिबंधावर नाही. शॉक टनेलवर नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: लेसर चालू करण्याआधी तिथल्या फिटरकडून पातं लावायला शिका, आणि निबंधात त्यांचं नाव घाला.